हुंकार देणारा

पहिलं भाषण मी पाठ केलं ते भिलाईच्या सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘श्रमाची प्रतिष्ठा’, भाषा हिंदी. मामाने नागपूरहून चार पानं लिहून पाठवली होती आणि त्यात घाम, मोती, राष्ट्र, यज्ञ असे सगळे शब्द होते. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला हिंदी भाजीवाल्यापुरतं यायचं, पण घरात रिकामे कान तेवढेच होते. मी हात उंचावून सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांना ती ‘हं’ म्हणाली. नंतर सुपातले तांदूळ हलत राहिले, ‘हं’ मात्र बंद झालं. दुसरं पान संपता संपता तिने विचारलं,

“कोनाले सांगून राह्यला रे तू हे?”

“सगळ्यांना.”

“तुहे बाबा रातपाळी करून आत निजले हायेत. त्यायलेच उठव अन् सांग, घामाचं मोल काय असते ते.”

मी गप्प झालो. ज्या सभागृहात मी बोलणार होतो तिथली बहुतेक मुलं अशाच घरांतून येणार होती. कुणाचे वडील कोक ओव्हनवर, कुणाचे रोलिंग मिलमध्ये. त्यांना श्रमाचं महत्त्व सांगायला निघालेला मी कोण?

वक्तृत्वावरच्या पुस्तकांत आवाज कसा फेकावा, उभं कसं राहावं, हात कुठे ठेवावेत हे आधी येतं. ते सगळं शिकता येतं आणि शिकावंही. पण लोकांना पटेल असं बोलायचं असेल तर त्याआधी आजीच्या प्रश्नाचं उत्तर लागतं. कोणाला सांगतोय आपण हे? आणि ज्याला सांगतोय तो या क्षणी ‘हं’ म्हणतोय की नाही?

ज्या गावात कुणाचीच भाषा चालत नाही

भिलाई हे या प्रश्नाचं उत्तर शोधायला भाग पाडणारं गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्यासोबत सेक्टरांची वसाहत उभी राहिली. एका स्ट्रीटवर तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, मराठी अशी घरं. भोवतालच्या गावांतून आलेले कामगार छत्तीसगढी बोलणारे. इथे तुकोबांचा दाखला दिला तर चार घरांत कळणार, रवींद्रनाथांचा दिला तर दुसऱ्या चार घरांत. स्वतःच्या भाषेतले दागिने घालून सभेत उभं राहण्याची सोय नव्हती. उरलं काय? सगळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी. पाळी, भोंगा, रेशन, सायकल, पगाराची तारीख.

मराठी माणसाला छत्तीसगडात हा धडा नवा नव्हता. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये रतनपूरवर आली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथे राहून कारभार केला, आणि मराठी घराणी या मुलखात रुजली. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. माधवराव सप्रे अशाच मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं ते हिंदीत. टिळकांचं ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत नेलं. ज्यांच्याशी बोलायचं त्यांची भाषा उचलायची, हा निर्णय त्यांनी लेखणी हाती घेतानाच केला होता.

रागी

भिलाईपासून थोड्याच अंतरावर गनियारी नावाचं गाव आहे. तिथे १९५६ साली पारधी समाजात तीजनबाईंचा जन्म झाला. शाळेचं शिक्षण नाही. आजोबा ब्रजलाल पारधी पंडवानी, म्हणजे महाभारतातल्या कथा, गात, त्या ऐकून ऐकून मुखोद्गत झाल्या. बायकांनी पंडवानी गायचीच तर बसून गायची, वेदमती शैलीत, अशी रीत होती. तीजनबाई उभ्या राहिल्या. उभं राहून, रंगमंचभर फिरून, पात्रांची सोंगं घेत गाण्याची कापालिक शैली पुरुषांची मानली जात असे, ती त्यांनी घेतली. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांचा पहिला जाहीर प्रयोग झाला. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, देशोदेशी प्रयोग झाले आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

त्यांच्या हातातला तंबोरा तुम्ही पाहिला असेल. तोच भीमाची गदा होतो, तोच अर्जुनाचं धनुष्य आणि तोच द्रौपदीचे केस. सगळ्यांची नजर त्या तंबोऱ्यावर असते. बोलायला शिकणाऱ्याने मात्र थोडं बाजूला पाहावं. वादकांमध्ये एक माणूस बसलेला असतो, त्याला ‘रागी’ म्हणतात. त्याचं काम ऐकण्याचं. गायिका एक ओळ सांगते, तो ‘हव’ म्हणून होकार भरतो. कधी तिचा शब्द उचलून पुन्हा म्हणतो. कधी न समजल्यासारखं करून विचारतो की भीम असं का वागला. कधी एखादी कोपरखळी मारून प्रेक्षकांना हसवतो. या होकाराला छत्तीसगढीत ‘हुंकारू’ म्हणतात.

म्हणजे या कलेने श्रोत्याचा एक प्रतिनिधीच रंगमंचावर बसवला आहे. समोरच्या हजार माणसांच्या मनात जो प्रश्न उठणार तो रागी त्यांच्या वतीने विचारतो. त्यामुळे गायिकेला कुठे थांबायचं, कुठे खुलासा करायचा, कुठे वेग वाढवायचा ते कळतं.

आपल्याकडेही ही सोय जुनीच आहे. शाहिरामागे झीलकरी असतो, कीर्तनकारामागे टाळकरी, मुख्य गोंधळ्याला शंका विचारणारा साथीदार असतो. आणि घरात गोष्ट सांगताना आजी अट घालायचीच, ‘हं’ म्हणत राहा, नाहीतर गोष्ट थांबेल. इंग्रजी पद्धतीची सभा आली, व्यासपीठ आलं, टेबलावर पाण्याचा पेला आला. रागी तेवढा मंचावरून गेला. आजच्या वक्त्याला तो स्वतःच्या डोक्यात बसवावा लागतो.

श्रोत्याने पुरं केलेलं वाक्य

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. पटवण्याची तीन साधनं त्याने सांगितली. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. हे त्रिकूट सर्वत्र सांगितलं जातं. त्याच ग्रंथातली दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. सभेतला युक्तिवाद तर्कशास्त्राच्या वहीतल्यासारखा पायरीपायरीने पूर्ण मांडायचा नसतो, असं तो म्हणतो. श्रोत्याला जी पायरी आधीच ठाऊक आहे ती वगळायची, ती तो स्वतः भरून काढतो. आणि स्वतः भरलेल्या वाक्याशी माणूस सहसा भांडत नाही.

या युक्तीचा मराठी माणसाने केलेला एक उत्तम वापर २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात पाहायला मिळाला. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं पहिलं भाषण होतं. वय पस्तीस. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. समोर बहुतांश सरकारी सभासद, म्हणजे मत आधीच ठरलेले श्रोते. सरकार तिजोरीतल्या शिलकीवर खूश होतं. गोखल्यांनी ती शिलक नाकारली नाही. आकडे सरकारचेच घेतले आणि विचारलं की लोक दुष्काळ आणि प्लेगने गांजलेले असताना तिजोरीत एवढी शिलक कशी पडते? रुपयाचा विनिमय दर चढा ठेवल्याने आणि कर गरजेपेक्षा जास्त घेतल्याने ती पडते, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं. मग पुढची पायरी सोपी होती. कर जास्त असेल तर तो कमी करता येईल, आणि करायचाच तर आधी गरिबाच्या मिठावरचा.

यातला तर्क ऐकणाऱ्याच्या गृहीतकावरून सुरू झालेला आहे. सरकारची शिलक हा सरकारचा अभिमानाचा मुद्दा होता, गोखल्यांनी त्यालाच खुंटी केलं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. त्याचं सगळं श्रेय एका भाषणाला देणं भाबडेपणाचं ठरेल, पण त्या मागणीला कुणी सहज झटकू शकलं नाही हे खरं.

या भाषणामागे केवढी तयारी होती तेही पाहण्यासारखं आहे. रानड्यांच्या हाताखाली गोखल्यांनी वर्षानुवर्षं सरकारी अहवाल वाचले होते. आकड्यांचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडून ते मुद्दे तपासून घेत. म्हणजे कलकत्त्याला जाण्याआधीच त्यांना एक रागी भेटला होता, चुकीच्या आकड्याला ‘हं’ न म्हणणारा.

आता सेक्टर २ मधल्या त्या भाषणाकडे. मामाची चार पानं मी बाजूला ठेवली आणि सुरुवात बदलली. हिंदीत म्हणालो ते साधारण असं होतं: आज सकाळी माझे वडील रातपाळीहून आले, आणि आईने आम्हाला सांगितलं, बाहेर जाऊन खेळा, पण हळू. एवढ्यावर सभागृहात खसखस पिकली. कारखान्याच्या गावात भरदिवसा झोपलेले वडील घरोघरी असतात. पडदे ओढलेली खोली, आवाज बारीक केलेला रेडिओ, दारावरची बेल वाजवणाऱ्यावर डोळे वटारणारी आई, हे मला सांगावंच लागलं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरातून आणून ते भरलं. श्रम हा शब्द मी त्यानंतर बराच उशिरा उच्चारला. बक्षीस मिळालं नाही. मी वेळ ओलांडली होती.

आधी झाडू, मग कीर्तन

ॲरिस्टॉटलच्या त्रिकुटातलं पहिलं साधन, विश्वासार्हता, हे कसं कमवायचं? ‘मी अमुक वर्षं या क्षेत्रात आहे’ या वाक्याने ते मिळत नाही. विदर्भातल्या माणसाला याचं उत्तर पाठ्यपुस्तकात शोधावं लागत नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेऊन गाव झाडत. दिवसभर लोक तो माणूस पाहत. रात्री तोच कीर्तनाला उभा राही. ‘गाव स्वच्छ ठेवा’ हे सांगण्याचा त्याचा अधिकार कुणी विचारायची गरजच उरत नसे.

आणि कीर्तनात ते प्रवचन झोडत नसत, प्रश्न विचारत. वऱ्हाडी बोलीत, समोरच्याला उत्तर देता येईल असे प्रश्न. देवाबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल. लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि चार-पाच प्रश्नांनी माणूस स्वतःच्याच तोंडाने कबुली देऊन बसे. रागी इथे एकटा नव्हता. अख्खा गाव हुंकार भरत होता. अक्षरओळखही नसलेल्या श्रोत्यांसमोर वापरलेली ही पद्धत सॉक्रेटिसच्या प्रश्नोत्तरांच्या शेजारी ठेवावी इतकी नेमकी आहे.

मनातला प्रश्न आधी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठीत दीर्घ भाषण केलं. इतक्या मोठ्या घटनेनंतर एखाद्याने आभाळाला हात लावणारी सुरुवात केली असती. बाबासाहेबांनी सुरुवात केली ती लोकांत चाललेल्या चर्चेपासून. दीक्षा काल आणि भाषण आज असं का? आणि या कार्यासाठी नागपूरच का निवडलं? त्यावर लोक काय तर्क लढवत होते त्याचाही समाचार घेतला, मग नाग लोकांचा आणि बौद्ध धम्माचा संबंध सांगितला. धम्म का स्वीकारायचा हा मोठा विषय त्यानंतर.

श्रोत्याच्या डोक्यात एखादा प्रश्न अडकलेला असेल तर त्याच्यापुढे तुमचं सर्वोत्तम वाक्यही वाया जातं. तो प्रश्न लहान असेल, क्षुल्लक वाटेल, तुमच्या मुद्द्याशी त्याचा संबंधही नसेल. तरी दार त्यानेच अडवलेलं असतं.

भिलाईच्या परिसरात हे जाणणारा दुसरा एक माणूस होता, शंकर गुहा नियोगी. जन्माने बंगाली. तरुणपणी भिलाईच्या कारखान्यात काम केलेले. पुढे कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींत कंत्राटी कामगारांची संघटना १९७७ मध्ये उभी राहिली, तिचे ते नेते. छत्तीसगडी कामगारांत ते त्यांच्यातलेच होऊन राहिले. खाणीत यंत्रं आणायची ठरली तेव्हा कामगारांच्या मनात एकच प्रश्न होता, आमच्या हातांचं काय? आणि व्यवस्थापनाच्या मनात दुसरा, उत्पादनाचं काय? संघटनेने नुसता नकार दिला नाही. पूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी अर्धयांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, ज्यात दोन्ही प्रश्नांना जागा होती. दारू सोडण्याची मोहीम चालवली तीही बायकांना पुढे घालून, कारण पगाराच्या दिवशी काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या राहत्या घरी झोपेत असताना नियोगींची गोळ्या घालून हत्या झाली. पटवून देणाऱ्या माणसाला भिणारेही असतात.

खोटा हुंकार

इथे एक इशारा द्यायला हवा. पटवणं आणि भुलवणं यांची हत्यारं सारखीच. गोष्ट, विराम, चढता आवाज, श्रोत्याच्या ओळखीचा दाखला, हे दोघांच्याही भात्यात असतं. फरक ओळखायचा तर रागीकडे पाहावं. जिथे रागीला शंका विचारायची मुभा आहे तिथे पटवणं चाललं आहे. जिथे हुंकार आधीच ठरवून गर्दीत पेरलेला आहे, जिथे प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवलं जातं, तिथे दुसरंच काही चाललं आहे. भाड्याच्या टाळ्यांची सवय लागलेल्या वक्त्याचे कान लवकर जातात, आणि मग खरी सभा समोर आली की त्याला कळतच नाही की लोक केव्हा उठून गेले.

शिकायचं कसं

बोलणं शिकवता येतं, हे महाराष्ट्राने लवकर ओळखलं. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. तिकडे कॅलिफोर्नियात सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये भाषणाच्या सरावासाठी एक मंडळ काढलं, त्यातून टोस्टमास्टर्स ही संस्था जगभर पसरली. त्यांच्या बैठकीत एकाचं काम असतं वक्त्याचे ‘अं’, ‘म्हणजे’ मोजण्याचं, दुसऱ्याचं भाषणाचं मूल्यमापन करण्याचं. ऐकण्याची कामं अशी वाटून दिलेली. रागीच, फक्त हातात पेन्सिल घेतलेला.

डेमॉस्थेनिसने तोंडात खडे धरून उच्चार सुधारले अशी कथा प्लुटार्क सांगतो. ते जिभेचे व्यायाम झाले. कानाचे व्यायाम असे करता येतात.

भाषण लिहिण्याआधी एका माणसाचं चित्र डोळ्यापुढे आणा. ‘श्रोतृवर्ग’ नको, एक माणूस. वय, काम, आज सकाळी तो काय करून आला, तुमच्या विषयावर त्याचं आत्ताचं मत काय. ते मत त्याच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. ते वाचून त्याने ‘बरोबर, मी असंच म्हणतो’ म्हटलं पाहिजे. जमत नसेल तर अजून भाषणाची वेळ झालेली नाही, त्या माणसाला भेटायची झाली आहे.

मग त्याच्या मनातले तीन प्रश्न लिहा, अगदी बोचरे. पहिल्याचं उत्तर सुरुवातीच्या दोन मिनिटांत आलं पाहिजे.

भाषण शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेला वक्ता पुढचं वाक्य आठवण्यात गुंततो आणि त्याचे कान बंद होतात. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पक्की करा. मधल्या मुद्द्यांचा क्रम पाठ असू द्या, शब्द त्या त्या वेळी येतील.

सराव आरशापुढे करण्यापेक्षा माणसापुढे करा, आणि शक्यतो विषय न कळणाऱ्या माणसापुढे. त्याला एकच सूचना द्या. पटलं तर ‘हं’ म्हण, नाही तर गप्प राहा. मत विचारू नका, माणसं मत देताना सभ्यपणे खोटं बोलतात. गप्प राहताना बोलत नाहीत.

आणि थांबायला शिका. मुद्दा सांगून झाला की श्वासभर थांबा. नवशिक्याला ती शांतता वर्षभराची वाटते. पण त्याच वेळात समोरचा माणूस त्याची पायरी भरत असतो.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली, सेक्टर २ मधलं ते क्वार्टर आता दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे. अजूनही भाषणाची टिपणं काढली की मी कागदाच्या डाव्या बाजूला समास जास्त सोडतो. मजकूर पुन्हा वाचताना जिथे ऐकणारा होकार भरेल असं वाटतं तिथे समासात पेन्सिलीने बारीक ‘हं’ लिहितो. मागच्या आठवड्यात एका व्याख्यानाची सहा पानं तयार केली होती. चौथ्या पानाच्या समासात एकही ‘हं’ नव्हतं. पान सुरेख जमलं होतं, तरी काढून टाकलं.